कवळीमास्तरांची ‘नगरबाधा’

कवळीमास्तर भित्रे होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोकांचा गैरसमज होतो.

बाथरूममध्ये तोंडाला साबण लावला की ते एक डोळा उघडा ठेवत. मग डोळ्यात साबण जाई, मास्तर ओरडत, आणि बाहेरून बायको विचारी, “आज कोण दिसलं?” बायको एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होती. तिने आयुष्यात इतकं काही पाहिलं होतं की भुताखेतांसाठी तिच्याकडे वेळच शिल्लक नव्हता.

मास्तरांचा धंदा कवळ्या करण्याचा. दाताचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे, मास्तर त्यात प्लास्टर ओतायचे, मेणात एकेक दात रोवायचे, घासूनपुसून चकचकीत कवळी तयार करायचे. प्रयोगशाळा म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची लांबोडकी खोली. भिंतीवरच्या फळ्यांवर अख्ख्या परिसराचे जबडे मांडलेले. रस्त्यात कोणी हसलं की मास्तरांना आधी दात ओळखू येत, मग माणूस. त्यांचं खरं नाव दोन-चार पत्रांवर होतं तेवढंच. बाकी सगळ्या जगाला ते कवळीमास्तर.

आणि हा असा माणूस भुतांची चित्रकथा काढायचा. नाव ‘नगरबाधा’. शहरात घडणारे अघोरी प्रकार, प्रत्येक अंकात नवं ठिकाण, नवं भूत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मास्तरांनी त्या ब्रह्मराक्षसाला हाताला धरून समोर आणलं, टेबलासमोर बसवलं आणि म्हणाले, हलू नकोस, चित्र काढतोय. लहानपणापासून त्यांच्या डोक्यात जी जी भीती साठली होती ती कागदावर उतरली की त्यांना जरा हलकं वाटे. दुपारच्या जेवणानंतर, मेण थंड होईपर्यंत, ते शाईची बाटली उघडून बसत.

अंक छापायचा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. त्याचा छोटा छापखाना होता. पत्रिका, हँडबिलं, औषधांच्या चिठ्ठ्या असली कामं करता करता मध्येच तो ‘नगरबाधा’ मशीनवर चढवायचा. छपाई काळीपांढरी, कागद जाडाभरडा, शिवण घरची. विक्री मात्र यथातथाच. कारण वाचक घाबरतच नव्हते. हसत होते.

पहिल्या अंकात तळघरातलं पिशाच्च होतं. एका वाचकाने छापखान्यात येऊन मनापासून सांगितलं, “फार छान विनोदी काढता तुम्ही.” मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

दोष कुठे होता ते बायकोने एका नजरेत ओळखलं. “अहो, हे भूत घाबरवायला आलंय की दात दाखवायला?”

खरंच होतं. मास्तरांचा हात धंद्याने बिघडलेला. प्रेत काढा, पिशाच्च काढा, कबरीतून उठलेला सांगाडा काढा, त्याच्या तोंडात एकसारखे, निरोगी, मोत्यासारखे दात! कितीही ठरवलं तरी मास्तरांना वाकडा दात काढवत नसे. एखादा पडका दात कागदावर काढलाच, तर सकाळपर्यंत तिथे नकळत नवा दात उगवलेला असायचा. शिवाय त्यांची भुतं वागायला सभ्य. दार वाजवून आत येणार, येताना चपला बाहेर काढणार.

“आपल्या अंकाला आजवर एकच माणूस घाबरलाय,” छापखानेवाला म्हणायचा. “तू. तोही काढताना.”

न खपलेले गठ्ठे मास्तरांच्या पलंगाखाली जाऊन बसले. पलंग हळूहळू उंच होत चालला.

अशात सासूबाई राहायला आल्या.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि लेकच सिस्टर असल्यावर दुसरीकडे कुठे जाणार? त्या शहराच्या बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून नोकरीत होता. घरात दोन माणसं जरी बोळात एकत्र उभी राहिली तरी त्या बसल्या जागेवरून म्हणत, “पुढे सरका, पुढे सरका, मध्ये जागा आहे.” जावयाशी त्या फार अदबीने बोलत. ‘जावईबापू’ असं काही म्हणत की मास्तरांना आपण विनातिकीट सापडलोय असं वाटे.

त्या दोघांमध्ये आणखी एक नाजूक मामला होता. सासूबाईंची कवळी. मास्तरांनी स्वतःच्या हाताने करून दिलेली, जीव ओतून केलेली, आणि सासूबाईंना न बसणारी. एकदा दिली, ती टोचली. दुसरी दिली, ती सैल झाली. तिसरीबद्दल त्या पाहुण्यांना सांगत, “मी बोलले की ही टाळ्या वाजवते.” अख्ख्या गावाला चावायला लावणारा माणूस घरच्या म्हातारीपुढे हरला होता. ती कवळी दिवसभर खिडकीत पाण्याच्या पेल्यात बसून मास्तरांकडे बघून हसत असे. सासूबाई ती फक्त दोन वेळा घालत: पाहुणे आले म्हणजे, आणि राग आला म्हणजे.

एके दिवशी प्रयोगशाळेतली वीज गेली म्हणून मास्तर भरदुपारी घरी आले. बायको ड्यूटीवर. पडदे ओढलेले, घरात अर्धवट उजेड. पाणी प्यायला म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांची नजर वर गेली.

छताजवळ, माळ्याच्या तोंडाशी, कोणीतरी होतं. अंगावर पांढरी चादर. ओले केस मोकळे सुटून तोंडावर आलेले. गाल आत ओढलेले, आणि तोंडाच्या जागी नुसतं काळं भोक, त्यातून काहीतरी भुरभुर खाली पडत होतं. त्या आकृतीने हळूच मान वळवली, मास्तरांकडे पाहिलं, एक बोट वर केलं आणि म्हणाली,

“कुणाला थांगू नका.”

 मास्तर जिथे होते तिथेच, पाण्याच्या पिंपाला टेकून, सावकाश खाली बसले. पायांनी राजीनामाच दिला होता.

प्रकार साधा होता. सासूबाईंना साखरेचं दुखणं, म्हणून लेकीने बिस्किटांचा डबा माळ्यावर लपवला होता. लेक ड्यूटीवर, जावई कामावर, हे पाहून त्या न्हाल्या, चादर गुंडाळली, आणि नवा गुडघा घेऊन स्टुलावर चढल्या. दात पेल्यातच होते. बिस्किट तोंडात विरघळवायला दात कशाला लागतात?

मास्तरांनी त्यांना हात धरून खाली उतरवलं. 

पण त्या संध्याकाळी मास्तरांच्या हाताला काही वेगळीच लय आली. माळ्याचं चौकोनी अंधारं तोंड, लोंबणारे केस, पुढे आलेलं बोट. आणि तोंड! तोंडात दात नव्हतेच, त्यामुळे ते सुंदर काढायचा प्रश्नच उरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांचं भूत भुतासारखं दिसलं. त्यांनी ते काढलं आणि उलटं करून ठेवलं, कारण त्याच्याकडे बघवेना.

‘माळ्यावरची म्हातारी’ हा अंक निघाला. कथा अशी की शहरातल्या सगळ्या घरांचे माळे आतून एकमेकांना जोडलेले आहेत, आणि त्यातून एक म्हातारी सरपटत फिरते. तुम्ही जे जे लपवता ते तिला सापडतं. मग भरदुपारी ती खाली वाकून तुम्हालाच बजावते, कुणाला थांगू नका.

हा हा म्हणता अंक संपला. पुन्हा छापला, पुन्हा संपला. लोक माळ्याखालून पलंग हलवू लागले. कित्येकांनी वर्षानुवर्षं साठवलेलं सामान काढून टाकलं, तेव्हा भंगारवाला छापखान्यात येऊन दोन अंक मागून गेला, कृतज्ञता म्हणून. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांच्या कानाशी जाऊन ‘थांगू नका’ म्हणत आणि किंचाळत. छापखानेवाल्याने मास्तरांना मिठी मारली आणि त्यांच्या शर्टाला शाई लावली.

सगळं छान चाललं होतं. एक गोष्ट सोडून. घरात कोणी सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं.

ते काम शेजारणीने केलं. “अय्या, हुबेहूब हो तुम्ही!” म्हणत तिने अंकच आणून दिला.

बायकोने मास्तरांना फोन केला. “आईने वाचलंय.”

“मग?”

“दात घातलेत तिने.”

मास्तरांनी त्या दिवशी नको नको ती कामं उकरून काढली. तयार कवळ्या पुन्हा घासल्या. शेवटी घरी जावंच लागलं. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, नाकावर चष्मा, तोंडात कवळी, मांडीवर ‘नगरबाधा’.

“या जावईबापू. बसा.”

“आई, ती तुम्ही नाही हं,” मास्तर उभ्यानेच म्हणाले. “काल्पनिक आहे.”

“मग कोण आहे, तुमची आई?”

मास्तर बसले.

“नाक माझंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. कवळीने एक टाळी वाजवली. “नाकाचं मला काही नाही. बोटही माझंच आहे. तेही जाऊ दे. मला राग आलाय तो शेवटाचा. हा कोण मेला प्रोफेसर?”

प्रत्येक अंकाच्या शेवटी एक प्रोफेसर येई, हातातला दिवा पेटवी, भुताला चार समजुतीचे शब्द सांगे आणि भूत मुक्त होऊन धुरासारखं विरून जाई. मास्तरांना त्याशिवाय झोप लागत नसे.

“तो... मुक्ती देतो,” मास्तर म्हणाले.

“मागितली होती तिने?”

मास्तरांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

“असले प्रोफेसर मी दांड्याला धरून उभे करून नेलेत. एक शब्द बोलायची टाप नव्हती कुणाची. आणि ही त्याच्या एका दिव्याला घाबरून धूर होते? अहो, आत्ता कुठे त्या बाईचं जरा बरं चाललं होतं. स्वतःची जागा मिळाली, हवं तिथे हिंडते, हवं ते खाते, कोणी म्हणत नाही की गोळी घ्या, पडून राहा, कशाला उठलात. आणि तुम्ही तिला दोन चौकटींत निकालात काढलंत.” त्यांनी अंक मिटला. “परत आणा तिला.”

“आणतो,” मास्तर म्हणाले.

“आणि तो प्रोफेसर?”

“त्याचं काय करू?”

सासूबाईंनी बोट वर केलं. “माळ्यावर घ्या त्याला.”

पुढच्या अंकात प्रोफेसर दिवा घेऊन माळ्यावर चढला तो परत आलाच नाही. वाचक खूश झाले. आणि त्या दिवसापासून ‘नगरबाधे’ला संपादक मिळाल्या.

शहराचा एकही कोपरा त्या बाईंना नवा नव्हता. बंद पडलेल्या कारखान्याच्या थांब्यावर कोणीही चढत-उतरत नसताना घंटी कशी वाजायची, एक गृहस्थ रोज खिडकीशी बसून रोज तेच स्टेशन कुठे आलं असं कसं विचारायचा आणि ते स्टेशन कुठल्याच मार्गावर कसं नव्हतं, लॉन्ड्रीत टाकलेला एकच कोट वर्षानुवर्षं न्यायला वेगवेगळी माणसं कशी यायची, असलं त्या सांगत. त्यातलं खरं किती आणि पदरचं किती, हे विचारायची सोय नव्हती. मास्तर ऐकता ऐकता खुर्ची भिंतीला लावून घेत. त्यांच्या चित्रांवर त्या बिनधास्त शेरे मारत. “भूत मध्यरात्री कशाला आणता? मध्यरात्री सगळे झोपलेले असतात, बिचाऱ्याने घाबरवायचं कुणाला? दुपारी आणा. दुपारी माणूस एकटा असतो.” हे शेवटचं वाक्य त्या जरा हळू म्हणाल्या. मास्तरांनी मान वर करून पाहिलं, पण तोवर त्या शाईच्या डागावरून बोलायला लागल्या होत्या.

मग एका मोठ्या सभागृहात चित्रकथांचं प्रदर्शन भरलं. ‘नगरबाधे’ला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून येऊन बसल्या, आणि टेबलाभोवती गर्दी झाली तसा त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला. “रांगेत या! सुटे काढून ठेवा! ओ उंच साहेब, मागच्यांना दिसत नाही, वाका!” कोणीतरी भीत भीत विचारलं, माळ्यावरच्या त्या तुम्हीच का? तेव्हा त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली, केस सोडले आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. एक धट्टाकट्टा तरुण मागच्या टेबलावर जाऊन पडला. त्यानंतर रांग दारापर्यंत गेली.

त्या गर्दीतून वाट काढत एक गृहस्थ आले. कपडे झुळझुळीत, हसणं त्याहून झुळझुळीत. मोठ्या प्रकाशनसंस्थेत होते. ‘नगरबाधा’ त्यांना छापायची होती. रंगीत, गुळगुळीत कागदावर, दुकानादुकानांत. मास्तरांच्या कानात सनई वाजायला लागली.

“फक्त एक छोटासा बदल,” गृहस्थ म्हणाले. “ती म्हातारी. तिला जरा तरुण करू. लांब केस राहू देत, पण चेहरा देखणा, ओठ लाल, दात पांढरेशुभ्र. म्हाताऱ्या बाईकडे कोण बघतं हो?” आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, “मावशी, जरा पाणी मिळेल?”

सासूबाईंनी पाणी दिलं. 

मास्तरांना आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं. फेरीवाला दारात आला तर ते पलंगाआड लपत, कारण समोर गेलं की घ्यावंच लागे. ते म्हणाले, “बघू. विचार करतो.”

रिक्षा घराशी आली. जिन्याशी सासूबाई थांबल्या. “करा हो तरुण,” त्या म्हणाल्या. “मला तरी कुठे म्हातारी व्हायचं होतं?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच दात घातले, आणि काढलेच नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. गोष्टी बंद. ‘पुढे सरका’ बंद. बोळात माणसं खुशाल दाटीवाटीने उभी राहू लागली. बायकोने औषध पुढे केलं की त्या मुकाट्याने घेत, आणि हे पाहून बायको पहिल्यांदाच घाबरली. “अहो,” ती मास्तरांना म्हणाली, “तिला भांडायला तरी लावा.”

मास्तरांनी तरुण भुतीण काढून पाहिली. सुंदर जमली. दात तर असे की कुठल्याही डॉक्टरने भिंतीवर लावावेत. मास्तर त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांना कसलीच भीती वाटली नाही. तेव्हा त्यांना समजलं की चित्र फसलंय.

प्रकाशकांची कचेरी एका उंच इमारतीत होती. मास्तर लिफ्टला घाबरून जिन्याने गेले. वर पोचले तेव्हा धाप इतकी लागली होती की दारातल्या टेबलावरच्या पोरीने विचारण्याआधीच खुर्ची दिली.

“मग, ठरलं?” गृहस्थ हसले.

“नाही,” मास्तर म्हणाले. शब्द बाहेर पडला तसे ते स्वतःच दचकले, आणि आणखी एकदा म्हणून पाहिला. “नाही.”

“अहो, पण अडचण काय आहे?”

मास्तरांनी वाटेत मोठं भाषण पाठ केलं होतं. ते जिन्यातच कुठेतरी सांडलं होतं. “तिला दात बसत नाहीत,” ते म्हणाले. “मी स्वतः तीनदा बसवून पाहिलेत.”

गृहस्थांना काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. मास्तर उठले, पोरीचे आभार मानून जिन्याकडे निघाले. उतरताना त्यांची छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं जपावी लागली.

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं, जरा मोठ्या आवाजात, म्हणजे आतल्या खोलीत ऐकू जावं.  आतून पाण्याच्या पेल्यात काहीतरी टाकल्याचा डुबुक असा आवाज आला. आणि थोड्या वेळाने, “जावईबापू, तिथे दारात काय उभे? पुढे थरका.”

प्रकाशकांनी पुढे स्वतःचीच एक भुताची चित्रकथा काढली, रंगीत, देखण्या भुतिणीची. सासूबाईंनी ती आणवून अथपासून इतिपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, “पोरगी चांगली आहे. पण असल्या टाचांच्या चपलांनी पडेल एखाद दिवशी.” ‘नगरबाधा’ आपली काळीपांढरीच राहिली. छापखानेवाल्याने मशीनला एक नवा रोलर बसवला, एवढीच काय ती प्रगती.

गुडघा बरा झाल्यावर त्या आपल्या घरी जायला निघाल्या. तेव्हा लेकीने नाही, जावयाने त्यांची बॅग लपवली. त्या राहिल्या.

परवा नव्या अंकासाठी मास्तरांना जुन्या बस डेपोची चित्रं हवी होती. एकट्याने जायची छाती नव्हती, म्हणून सासूबाई बरोबर गेल्या. रखवालदार ओळखीचा निघाला, त्याने आत सोडलं. मोडक्या बसगाड्या ओळीने उभ्या, चाकांतून गवत उगवलेलं. सासूबाई एका गाडीत चढल्या, कंडक्टरच्या सीटवर बसल्या आणि कुठल्या वळणावर कोण चढायचं ते सांगू लागल्या. मास्तर पुढच्या सीटवर बसून भराभर रेघा ओढत होते. बोलता बोलता आवाज मंदावला. मास्तरांनी मागे पाहिलं तर त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. काचेतून आलेलं ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

चित्रं पुरी झाली होती. एरवी असल्या सुनसान जागी मास्तर एक क्षण थांबले नसते. पण त्या घोरतही कंडक्टरसारख्याच होत्या, अख्खी गाडी भरून. त्या आवाजात कुठलं भूत जवळ फिरकणार? मास्तरांनी शाईच्या बाटलीचं बूच लावलं, हाताची घडी घातली आणि त्या उठेपर्यंत बसून राहिले.